भुईकाट्यावर सांडलेली मूलद्रव्यं

आमच्या आप्पांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक घरचा काटा आणि दुसरा बाहेरचा काटा. घरच्या काट्यावर आई पीठ मोजायची. बाहेरचा काटा रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला होता. वर लोखंडी फलाट, त्यावर अख्खा ट्रक उभा राहायचा, आणि शेजारच्या खोलीत पितळेच्या लांब दांडीवर एक वजन सरकवून आप्पा त्या ट्रकचं वजन काढायचे. त्याला भुईकाटा म्हणतात. लोक आप्पांना काटेवाले म्हणत, आणि आप्पांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. काटा मुळात बोलतच नाही, मग खरं-खोटं कुठून आलं, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला बाहेर जाऊन खडीच्या ढिगावर खेळायला सांगितलं.

काट्याच्या खोलीत एक खुर्ची, ड्रायव्हर लोकांसाठी एक बाक आणि फलाटाकडे उघडणारी एक खिडकी होती. पंखाही होता, पण वाऱ्याने दांडी हलते म्हणून तो कधी लावला जात नसे. काम साधं होतं. खडी, वाळू, लाकूड, भंगार, काय असेल ते भरून गाडी यायची. ती भरलेली तोलायची. माल उतरवून परत आली की रिकामी तोलायची. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की माल. पावतीवर आधी गाडीचा नंबर, मग वजन. इतकंच. पण एवढ्याशा कामात लोक काय काय करतात हे ज्याने पाहिलं नाही त्याने भुईकाट्यावर एक दिवस बसावं. कुणी भरलेली गाडी तोलताना मागे पाण्याची पिंपं ठेवतो, कुणी रिकामी तोलताना क्लीनरला खाली उतरवतो. आप्पा खिडकीतून मान बाहेर काढून फक्त "हं?" म्हणत. पिंपं उतरत, क्लीनर चढत.

खोटं त्यांना जमतच नसे. घरातही जमत नसे, ही आमची अडचण होती. आईने नवा चष्मा लावून "कशी दिसते?" विचारलं, तर म्हणाले, "चष्मा दिसतो." आई दोन दिवस बोलली नाही. त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि सगळं वजनाने लावायची खोड. स्वयंपाकघरातले डबे वजनाने, कपाटातली पुस्तकं वजनाने, घरातल्या फोटोतली माणसंसुद्धा. आमचा एकच कौटुंबिक फोटो आहे, त्यात आम्ही मापाच्या वजनांसारखे उतरत्या क्रमाने उभे आहोत, आणि माझा अर्धा चेहरा चौकटीत आलेला नाही. दादा जन्मला तेव्हा दवाखान्यातून येताना आप्पांनी भाड्याची मोटार थेट काट्यावर घेतली होती. जातानाही तोलली होती. दादाच्या वेळी काटा एक खूण वर गेला. माझ्या वेळी हलला नाही. आमचा काटा वीस-वीस किलोंनी चालायचा, आणि दादाच्या वेळी मागच्या सीटवर मावशी बसलेली होती, असं आईचं म्हणणं. आप्पांच्या मते मावशी दोन्ही वेळी होती. हा वाद अजून मिटलेला नाही. पण तेव्हापासून घरात दादा वजनदार आणि मी हलकी, हे ठरून गेलं.

माझं लग्न दोन गल्ल्या सोडून झालं, त्यामुळे काटा सुटला नाही. नवऱ्याला मी काट्यावर तोलून घेतलं असं लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. आप्पांनी तोललं होतं. साठ भरला. साठ किंवा ऐंशी.

शाळा संपल्यापासून मी आप्पांच्या शेजारी बसत होते. आधी बाकावर, पावत्या फाडायला. मग आप्पांचे गुडघे गेले, डोळ्यांना दांडीवरच्या खुणा दिसेनाशा झाल्या, आणि मी खुर्चीत आले. ते बाकावर बसून सूचना द्यायला लागले. ड्रायव्हर लोक मला ताई म्हणत आणि माझ्यापुढेही पिंपं उतरवत. मग परवान्याचं वर्ष आलं. भुईकाट्याचा परवाना एकाच माणसाच्या नावावर निघतो. आप्पांचं वय झालं होतं, यापुढे दुसरं नाव लागणार होतं.

मला ते नाव माझं हवं होतं. आडवळणाने कशाला सांगू. मला तो काटा हवा होता, जसं कुणाला घर हवं असतं तसा. आणि आप्पांनी दादाचं नाव ठरवलं होतं.

दादा दुसऱ्या गावी एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर होता. आवाज मोठा, गाडी मोठी, ओळखी मोठ्या. माणूस वाईट नाही. पण काट्यावर बसायला त्याला वेळ नव्हता, आणि ते त्याने लपवलंही नाही. "परवाना माझ्या नावावर राहू दे, बसायचं तू. मी पगार देतो," असं तो मला म्हणाला, आणि आपण बहिणीचं भलं केलं या आनंदात दोन कप चहा प्यायला.

मी आप्पांना विचारलं, "मी का नाही?"

"दादाचं वजन आहे," आप्पा म्हणाले. "सरकारी कामात वजनदार माणूस लागतो. त्यात चिडण्यासारखं काय आहे? ज्याची जी जागा."

पुढच्या रविवारी दादा येणार होता आणि कागद होणार होते. त्याच आठवड्यात तो टेम्पो आला.

टेम्पोत एक लाकडी कपाट होतं. पलीकडच्या शाळेत विज्ञानाची नवी खोली केली होती, तिच्या भिंतीवर लावायला सुताराकडून बनवून घेतलेलं. टेम्पोवाल्याला भाडं वजनावर मिळणार होतं म्हणून तो काट्यावर आला. चढावर दोरी तुटली, कपाट मागे सरकलं, त्याची फळी निघाली, आणि आतले सगळे ठोकळे फलाटावर सांडले. हाताच्या मुठीएवढे, चौकोनी, रंगीत लाकडी ठोकळे. काही तर उड्या मारत थेट खोलीच्या दारापर्यंत आले.

टेम्पोवाला डोकं धरून खाली बसला. "हे कोणत्या खणात काय होतं ते मला काय माहीत? शाळेतल्या बाई मला खाणार आता."

आप्पा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी एक ठोकळा उचलला आणि मला वाचायला लावला. वर एक इंग्रजी अक्षर, खाली नाव: ऑक्सिजन. त्याखाली वजन: १६.००. दुसरा उचलला. लोखंड, ५५.८५. आप्पांचा चेहरा उजळला. ज्या वस्तूवर तिचं वजन लिहिलंय ती वस्तू त्यांच्या दृष्टीने अर्धी घरचीच.

कपाटाच्या खणांत तळाशी नंबर रंगवले होते. एक, दोन, तीन, असे ब्याण्णवपर्यंत. ठोकळ्यांवर मात्र नंबर नव्हते. खणावर आहेत, तेच पुन्हा ठोकळ्यावर कशाला, असा सुताराचा हिशेब असणार. ब्याण्णवच्या पुढचे खण नुसतेच मोकळे होते. त्यापुढची मूलद्रव्यं माणसाने बनवलेली आहेत, तेव्हा तीही पुढच्या वर्षी बनवून घेऊ, असं शाळेने ठरवलं होतं, हे टेम्पोवाल्यानेच सांगितलं.

"मग रडतोस काय?" आप्पा त्याला म्हणाले. "वजन लिहिलंय ना? सगळ्यात हलकं पहिल्या खणात, मग त्याच्यापेक्षा जड दुसऱ्यात. ज्याची जी जागा."

त्यांनी काटा बंदची पाटी बाहेर लावायला सांगितली. ती पाटी कुठे आहे हे शोधण्यातच बराच वेळ गेला, कारण ती कधी लावलेलीच नव्हती.

आम्ही फलाटावर बसून ठोकळे वजनाने रांगेत मांडले, आणि मग मी वाचायचं, टेम्पोवाल्याने द्यायचं, आप्पांनी खणात ठेवायचं असं सुरू झालं. कपाटाचा आकार आप्पांना पसंत नव्हता. वरच्या ओळीला दोन टोकांना दोनच खण, मध्ये काहीच नाही. खाली दोन ओळी आठ-आठच्या, त्याही मध्ये मोकळ्या. मग दोन ओळी अठरा-अठराच्या. "एवढी जागा रिकामी सोडून गाडी कोण पळवतं?" ते म्हणाले. पण ठेवत गेले.

हायड्रोजन पांढरा, एकटाच. हेलियम फिकट निळा, ओळ संपली. दुसऱ्या ओळीत लिथियम लाल, मग एकेक वेगळा रंग, शेवटी पोपटी फ्लोरिन आणि फिकट निळा निऑन. ओळ संपली. तिसरी ओळ सुरू झाली, सोडियम आला, तो लाल. बरोबर लिथियमच्या खाली. आप्पा थांबले. पुढचे ठेवले. गंधक पिवळं, ते ऑक्सिजनच्या खाली, तोही पिवळा. क्लोरिन पोपटी, फ्लोरिनच्या खाली.

"हे कुणी सांगितलं यांना?" आप्पा म्हणाले.

"काय?"

"आपण नुसतं वजन बघून लावतोय. रंगाकडे बघतसुद्धा नाही. तरी लाल लालच्या खाली जातो, पोपटी पोपटीच्या."

मला शाळेतला तक्ता आठवला. "आप्पा, ही आवर्तसारणी आहे. उभ्या ओळीत सगळी एका स्वभावाची असतात. हलक्याकडून जडाकडे जात राहिलं की थोड्या थोड्या वेळाने तोच स्वभाव पुन्हा येतो. आला की नवी ओळ."

आप्पांनी कपाटाकडे असं पाहिलं, जसं आईकडे लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. "म्हणजे वजन लावलं की स्वभाव आपोआप लागतो," ते म्हणाले. "मी काय सांगत होतो इतकी वर्षं?" मी पुढचा ठोकळा वाचला. बोलण्यासारखं खूप होतं.

आणि पुढच्याच खणात घोटाळा झाला. अठरावा खण तिसऱ्या ओळीचा शेवटचा, वर निळा निऑन, त्यावर निळा हेलियम. रांगेत पुढचा ठोकळा होता पोटॅशियम, ३९.१०. तो लाल. आप्पांनी तो ठेवला. मग आरगॉन, ३९.९५, फिकट निळा. तो एकोणिसाव्यात, चौथ्या ओळीच्या सुरुवातीला, लाल सोडियमच्या खाली. टेम्पोवाल्यालाही ते खटकलं.

"हे दोघे बदलायला हवेत," मी म्हटलं.

"का?"

"दिसतंय की. लाल लालच्या खाली हवा."

"चाळीसच्या जवळ कोण आहे?" आप्पांनी शांतपणे विचारलं. "आरगॉन. मग तो नंतर."

"आप्पा, आरगॉन हा कुणात न मिसळणारा वायू. दिव्यात भरतात, तिथेही गप्प बसून राहतो. पोटॅशियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं. आमच्या बाईंनी वर्गात दाखवलं होतं, त्यांचा रुमाल जळला. त्याला या गप्प बसणाऱ्यांच्या रांगेत कसं बसवणार?"

"स्वभाव बघून पावती करतात का?"

"पण तुम्हीच म्हणालात ना, वजन लावलं की स्वभाव लागतो? इथे नाही लागत. म्हणजे वजनाशिवाय आणखी काहीतरी असणार."

"वजनाशिवाय काही नसतं," आप्पा म्हणाले आणि पुढचा ठोकळा मागितला.

पुढे सत्तावन्नाच्या शेजारी एकदम बहात्तर आला तेव्हा ते पुन्हा अडले. मधले खण कपाटाच्या खाली वेगळ्या पट्टीत सापडले. आत घेतले असते तर कपाट भिंतीबाहेर गेलं असतं, म्हणून सुताराने त्यांना खाली जागा दिली होती, पंगतीत पाट कमी पडले की घरची माणसं ओसरीवर बसतात तशी. हे आप्पांना लगेच पटलं. त्याआधी आयोडिन आणि टेल्युरियमपाशी आरगॉनसारखाच प्रकार झाला होता. टेल्युरियम जड, आयोडिन हलकं, आणि रंग उलटे. तिथेही आप्पांनी वजनच धरलं होतं.

ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी त्या दोन्ही जोड्या गपचूप बदलल्या. टेम्पोवाल्याने पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. पण आप्पांचा एक नियम होता. गाडी सोडण्याआधी सगळं पुन्हा एकदा तपासायचं. बाहेर आले, एकेका ठोकळ्यावर बोट ठेवत गेले, डोळ्यांना लावून लावून वजनं वाचली, आणि चारही ठोकळे परत आपल्या हिशेबाने लावले. मग टेम्पोवाल्यादेखत मला म्हणाले, "म्हणून म्हणतो, परवाना दादाच्या नावावरच बरा. तुला वजनाआधी रंग दिसतो."

इतकी वर्षं मी एक किलोची चूक केलेली नव्हती. खरं तर एक किलोची करताच येत नाही, वीस-वीसनेच करता येते, पण तीही केलेली नव्हती. मला इतकं लागलं की मी पाटी काढून पहिली गाडी वर घेतली आणि दिवसभर आप्पांशी पावतीपुरतंच बोलले.

दोन दिवसांनी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सायकलवरून आल्या. केस विस्कटलेले, बाहीला खडू.

"कपाट कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आप्पा म्हणाले.

"मला तुम्हाला बघायचंच होतं. चार जोड्या उलट लागल्यात."

आम्हाला दोनच दिसल्या होत्या. कोबाल्ट आणि निकेल एकाच राखाडी रंगाचे, थोरियम आणि त्याच्या शेजारचं प्रोटॅक्टिनियम एकाच तपकिरी रंगाचे, म्हणून त्या जोड्या आमच्या नजरेतून सुटल्या होत्या.

"बाकी एकही चूक नाही," बाई म्हणाल्या. "कुणी अंदाजाने लावलं असतं तर कुठेही चुकलं असतं. तुम्ही नेमके तिथेच चुकलात जिथे वजन आणि नंबर जमत नाहीत. नुसत्या वजनावर विश्वास ठेवणारा माणूसच असं चुकू शकतो."

हे कौतुक होतं की काय, हे आप्पांना ठरवता येईना. "सुताराने वजन चुकीचं लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वजन बरोबर आहे."

"मग जागा चुकली कशी?"

बाई बाकावर बसल्या. त्यांनी सांगितलं ते मी शाळेतही ऐकलं असणार, पण समजलं त्या दिवशी. अणूच्या पोटात दोन प्रकारचे कण असतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. वजन दोघांचं मिळून. पण तो अणू कोण आहे हे फक्त प्रोटॉन किती, यावरून ठरतं. खणातला नंबर म्हणजे तेच. आरगॉनमध्ये अठरा, पोटॅशियममध्ये एकोणीस. प्रोटॉन जितके तितकेच इलेक्ट्रॉन बाहेर, थराथराने बसलेले, आणि सगळ्यात बाहेरच्या थरात किती, यावर स्वभाव. थर बदलला की ओळ बदलते. न्यूट्रॉन नुसते आत बसून असतात. वजन वाढवतात, स्वभावात ढवळाढवळ करत नाहीत. आरगॉनमध्ये ते जास्त भरलेत, म्हणून तो पोटॅशियमपेक्षा जड.

"पूर्वी प्रोटॉन कुणाला माहीत नव्हते, तेव्हा लोक वजनानेच लावायचे," बाई म्हणाल्या. "या जोड्यांपाशी तेही अडले. पण त्यांनी स्वभावाचं ऐकलं आणि ठोकळे बदलले. का बदलावे लागतात, ते खूप नंतर कळलं."

आप्पांनी फलाटाकडे पाहिलं. तिथे कुणाची तरी वाळूची गाडी उभी होती. मग म्हणाले, "म्हणजे बाई, मी नंबर न बघता भरलेल्या गाड्या ओळखत बसलो."

"म्हणजे?"

"गाडी कुठली, हे पावतीवर नंबराने लिहितात. वजन मालाप्रमाणे बदलतं. आज जास्त भरलाय म्हणून याचा ट्रक त्याचा होत नाही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे मी रोज लिहितो."

बाईंना हे इतकं आवडलं की वर्गात सांगेन म्हणाल्या. आप्पांना आवडलं नाही. त्यांच्या हातून चूक झाली होती. अशी गोष्ट पूर्वी घडलेली नसल्यामुळे तिचं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत न्यायला सांगितलं. कपाट भिंतीवर चढलं होतं, आणि बाईंनी चारही जोड्या आधीच बदलून ठेवल्या होत्या. आप्पा म्हणाले, असं चालत नाही, ज्याने चुकीचं तोललं त्यानेच परत तोलायचं. मग ते स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं, त्यांनी चारही जोड्या पुन्हा चुकीच्या लावल्या, आणि त्यानंतर एकेक बरोबर लावली. बाई आणि दाराशी जमलेला अख्खा वर्ग बघत उभा होता. आरगॉन निऑनच्या खाली बसला तेव्हा आप्पांनी त्याच्यावर दोनदा थाप मारली. घरी येताना रस्ताभर गुडघ्यांबद्दलच बोलले. मी ऐकत आले. माझं म्हणणं बरोबर निघालं होतं, आणि ते कुणीतरी तोंडाने म्हणावं एवढीच माझी अपेक्षा होती. ती फार नव्हती, पण आप्पांकडून होती.

रविवारी दादा आला. नेहमीसारखी गाडी थेट फलाटावर घेतली, आत येऊन बाकावर बसला. बाक कुरकुरला. मी खुर्चीत होते. आप्पा आत आले की मी उठत असे. उठले.

"बस," आप्पा म्हणाले आणि दादाच्या शेजारी जाऊन बसले. मग दादाला म्हणाले, "परवाना हिच्या नावावर करायचा."

दादा हसला. त्याला वाटलं आप्पा गंमत करतायत. मग त्याच्या लक्षात आलं की आप्पांनी आयुष्यात गंमत केलेली नाही. "का? माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मी मोठा आहे, आप्पा. ऑफिसात माझ्या ओळखी आहेत. तुम्हीच म्हणायचात."

"आहेस मोठा. वजन बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही." आप्पांनी घसा साफ केला. "पण तुझी जागा तिकडे आहे. तिथे तू नीट बसला आहेस. इथली जागा हिची. मी वजन बघून लावत होतो. चुकलं."

चुकलं, हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आला. दादाने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच आप्पांच्या चहात काहीतरी घातलंय. थोडा वेळ घुश्शात बसला, पण मनाने वाईट नाही तो. जाताना "पगाराचं तेवढं वाचलं," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याची गाडी उतरली तशी दांडी खाली आली आणि स्थिर झाली.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. मी खुर्चीत, आप्पा बाकावर. मला खूप काही म्हणायचं होतं. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण इतकी वर्षं मी या माणसाच्या हाताच्या अंतरावर बसले होते. ऊन, धूळ, पिंपं, भांडणं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर केलं होतं. त्यातून त्यांना जे दिसलं नाही ते लाकडाच्या ठोकळ्यांनी दाखवलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"आप्पा, टेम्पोची दोरी तुटलीच नसती तर?"

दुसरा कुणीही बाप असता तर म्हणाला असता, अगं, माझ्या मनात आधीपासून तूच होतीस. मलाही तेच ऐकायचं होतं. आप्पांनी नीट विचार केला. घाई केली नाही.

"तर दादाच्या नावावर झाला असता," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यात आनंदाचं किती आणि रागाचं किती, ते वेगळं काढता येईना. आप्पा खाली मान घालून बसले होते आणि बाकाच्या कडेवरून बोट फिरवत होते. बाहेर हॉर्न वाजला. खडीची गाडी चढाशी येऊन थांबली होती, आणि तिच्या मागे आणखी एक. मी डोळे पुसले, खिडकीतून हात केला आणि तिला वर घेतलं.